साय-फाय कॉनला सह्या घ्यायला पहिल्यांदा जाताय? दोघं जा, आणि हे वाचून जा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आपल्या पट्ट्यात सायन्स फिक्शन आणि कॉमिक्स मनापासून वाचणारी मुलं-मुली भरपूर आहेत, पण कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक्स-सायन्स फिक्शनच्या चाहत्यांच्या मोठ्या मेळ्याला, जाऊन एखाद्या लेखकाची नाहीतर चित्रकाराची सही घ्यायची म्हटलं की बरेचजण मागं सरतात. तिथं आपल्याला कोण ओळखतंय, इंग्लिशमधे काय बोलायचं, लाइन कुठली, पैसे पडतात काय, पुस्तक कुठलं न्यायचं, एक ना दोन शंका. मी आणि माझा दोस्त, तो टिळकवाडीचा आणि मी शहापूरचा, सह्यांसाठी बरोबरच जातो, आणि जाऊन जाऊन जे काय कळलं ते नव्या लोकांसाठी लिहायला बसलोय. दोन गोष्टी पक्क्या धरा, एकटं जायचं नाही आणि न वाचता जायचं नाही, बाकीचं सगळं यातनंच निघतं.

कुठं जायचं आणि कसं पोचायचं

कॉमिक कॉन इंडिया दिल्लीत २०११ साली सुरू झालं, बेंगळूरला पुढच्याच वर्षी आलं. आपल्याला बेंगळूर नाहीतर मुंबई-पुणे. बेंगळूरचं बऱ्याच वेळा व्हाइटफिल्डच्या केटीपीओ या प्रदर्शनाच्या हॉलला भरतं, पण तारखा आणि जागा बदलत असतात, म्हणून तिकीट काढायच्या आधी त्यांच्या अधिकृत पेजवर बघूनच घ्या, कुणाच्या तरी व्हॉट्सॲप फॉरवर्डवर जाऊ नका. तिथं गेल्यावर दिसेल की अर्धी गर्दी ॲनिमे (जपानी कार्टून), गेमिंग आणि कॉस्प्लेची (आवडत्या पात्राचा वेष करून येणाऱ्यांची) आहे, सायन्स फिक्शन त्यात मिसळलेलं असतं. त्यामुळं पाहुण्यांची यादी जाहीर झाली की ती नीट वाचायची आणि आपल्या कामाचे कोण ते आधीच खुणा करून ठेवायचं.

बेळगावातनं रात्रीची राणी चन्नम्मा एक्सप्रेस धरली की सकाळी बेंगळूर, आणि तिथनं मेट्रोची पर्पल लाइन मॅजेस्टिकवरनं, म्हणजे मोठ्या रेल्वे स्टेशनजवळनंच, सरळ व्हाइटफिल्डच्या बाजूला जाते, रिक्षावाल्याशी वाद नको. वंदे भारत ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालीय पण ती पहाटे निघून दुपारी पोचते, म्हणजे कॉनच्या दिवशी तिचा उपयोग नाही, आदल्या दिवशी जाऊन मुक्काम करणार असाल तर झकास. पुण्या-मुंबईकडं जाणार असाल आणि बसनं जायचा विचार असेल तर एक ध्यानात ठेवा, सीमेवर काय वातावरण तापलं की दोन्ही राज्यांच्या बसा कोगनोळी नाक्याच्या अलीकडं-पलीकडंच थांबतात, २०२२ च्या डिसेंबरात झालं, २०२५ च्या फेब्रुवारीत झालं. रेल्वेचं तिकीट हातात असलेलं बरं.

आणि इतक्या लांब जायच्या आधी सराव करायचा असेल तर आपल्याकडं कडोली, येळ्ळूर, उचगाव अशी गावोगावची साहित्य संमेलनं भरतात, तिथं जा. मांडवात लेखक मंडळी अगदी हाताच्या अंतरावर असतात, भाषणं झाली की चहाच्या वेळेला कुणीही जाऊन बोलू शकतं, आणि ती माणसं आपुलकीनं बोलतातही. पुस्तक पुढं करणं, नाव सांगणं, एक वाक्य नीट बोलणं, एवढं तिथं जमलं की बेंगळूरच्या गर्दीत जीभ अडखळत नाही. माझ्या मते ही पायरी कुणीच चुकवू नये.

दोघांनी काम कसं वाटून घ्यायचं

कॉनमधे माणूस एक आणि लाइनी चार अशी परिस्थिती असते. एका हॉलमधे तुमच्या आवडत्या लेखकाची चर्चा चालू असते, त्याच वेळेला दुसरीकडं चित्रकाराच्या सहीचं टोकन वाटतात. दोघं असला की एकजण टोकनाला, एकजण चर्चेला. चर्चा ऐकणाऱ्यानं दाराजवळची खुर्ची धरायची, कारण संपल्या संपल्या सहीची लाइन कुठं लागणार ते तिथंच सांगतात आणि लोक पळत सुटतात.

घरातनं निघायच्या आधी एका कागदावर यादी करा. कुणाची सही कुणाला पाहिजे, दोघांनाही पाहिजे अशी नावं कुठली, आणि वेळ कमी पडला तर कुठलं नाव सोडायचं. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, हे आधी बोललं नाही तर भर हॉलमधे तोंडं फुगतात. एकच पोस्टर उरलं तर ते कुणाचं हेसुद्धा आधीच ठरवा की, चिठ्ठी टाका, काय करा ते करा. मोबाइलला आत रेंज मिळेलच असं नाही, हजारो लोक एका शेडमधे असतात, म्हणून भेटायची एक जागा आणि दर दोन तासांनी भेटायची वेळ ठरवून टाका. यूपीआय पण अडकतं, थोडी रोकड दोघांच्याही खिशात असू दे, एकाच्याच नको.

जागा धरायच्या बाबतीत एक शिस्त पाळा. एकानं लाइनीत उभं राहायचं आणि दुसऱ्यानं जेवून येऊन त्याच्या जागी उभं राहायचं, याला कुणी काही म्हणत नाही, पण मागच्याला विचारून. मात्र एकजण उभा आणि शेवटच्या क्षणाला दुसरा त्याच्या पुढं घुसून दोन माणसांचं चार पुस्तकांचं काम करतोय, हे चुकीचं आहे. मागं जो उभा आहे तोही कुठनं तरी रात्रभर प्रवास करून आलाय.

पेन, कागद आणि पिशवी

पेनचा विचार लोक सगळ्यात शेवटी करतात आणि सहीचं वाटोळं तिथंच होतं, म्हणून इथं जरा सविस्तर सांगतो.

चकचकीत कव्हर, फोटो, पोस्टर यावर बारीक टोकाचा परमनंट मार्कर. जेल पेन किंवा शाईचा पेन असल्या गुळगुळीत कागदावर वाळतच नाही, बोट लागलं की सगळी सही फासते, आणि बॉलपेन उमटत नाही म्हणून माणूस दाबतो आणि फोटोवर चर पडते. कव्हर काळं किंवा गडद निळं असेल, आणि सायन्स फिक्शनची निम्मी कव्हरं अंतराळाची म्हणजे काळीच असतात, तर चंदेरी नाहीतर सोनेरी पेंट मार्कर लागतो. हा मार्कर आधी हलवायचा असतो आणि टोक रद्दी कागदावर दाबून रंग खाली उतरवून घ्यायचा असतो. हे घरात नाहीतर लाइनीत उभं असतानाच करा, टेबलवर पाहुण्याच्या हातात दिल्यावर नाही, कारण पहिल्यांदा दाबल्यावर कधी कधी एकदम थेंब पडतो आणि तो तुमच्या पुस्तकावरच पडायचा.

आतल्या साध्या पानावर मार्कर नको, मागच्या पानावर उतरतो. तिथं पिगमेंट शाईचा फाइनलाइनर, ०.५ च्या आसपासचा, चित्रं काढणारे आणि आर्किटेक्चरची मुलं वापरतात तो. ही शाई वाळल्यावर पाण्यानं पसरत नाही आणि उजेडानं सहजासहजी उडत नाही. गणपत गल्ली, खडेबाजारच्या बाजूला स्टेशनरीच्या मोठ्या दुकानात विचारा, ड्रॉइंगचं सामान ठेवणाऱ्याकडं मिळून जाईल. खोडता येणारे पेन येतात ते चुकूनही नेऊ नका, त्याची शाई उष्णतेनं बिनरंगी होते, साठेक अंशाला गायबच. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर पुस्तक राहिलं की सही गेली.

प्रत्येक पेन घरात त्याच जातीच्या कागदावर मारून बघा, एक मिनिट थांबा, अंगठ्यानं घासा. फासलं तर तो पेन नको. आणि प्रत्येक जातीचे दोन दोन न्या, लाइनीत तुमच्या पुढच्याकडं पेन नसतोच, त्याला द्यायला बरं पडतं.

पुस्तक स्वतःचं आणि वाचलेलं न्या. वाचनालयाचं पुस्तक कधीच नाही, आपल्या सार्वजनिक वाचनालयासारखी १८४८ पासूनची संस्था पुस्तकं सगळ्यांसाठी जपते, त्यावर स्वतःच्या नावानं सही घेणं बरोबर नाही. आणि फुटपाथवरची पायरेटेड कॉपी तर अजिबात नको. छपाई पुसट, कव्हरचा रंग उतरलेला, लेखकाला ते हातात घेतल्या घेतल्या कळतं. त्याच्या कष्टाचा एक पैसा त्याला न देता त्याच्याचकडं सही मागायची, हे मला तरी सहन होत नाही. मूळ पुस्तक परवडत नसेल तर जाड कागदाचं छोटं स्केचबुक न्या, त्यावर घेतलेली सही शंभर टक्के मानाची.

सही घ्यायची ती शक्यतो आतल्या, पुस्तकाचं नाव छापलेल्या पानावर. कव्हर झिजतं, आतलं पान टिकतं. त्या पानाला एक चिकटचिठ्ठी लावून त्यावर तुमचं नाव मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, पाहुणा बाहेरचा असेल तर रोमन लिपीतल्या मोठ्या अक्षरांत, मराठी असेल तर देवनागरीत. ज्ञानेश्वर, ऋतुजा, यल्लाप्पा ही नावं ऐकून कुणाला स्पेलिंग जमणार नाही, आणि त्या गोंगाटात सांगत बसायला वेळ नसतो. फक्त सही घ्यायची का नावासकट, असं बरेचजण विचारतात. नाव घालून घ्या. नाव घातलेलं पुस्तक विकायला तितकं सोपं जात नाही हे खरं, पण आपण विकायला कुठं घेतोय.

पिशवीत अजून एवढं असू दे: दोन पातळ पुठ्ठे, बटर पेपरचे तुकडे ओल्या सहीवर ठेवायला, झिपवाल्या प्लास्टिकच्या पिशव्या, पॉवर बँक. कॉस्प्ले करणार असाल तर हत्यार फोमचं नाहीतर पुठ्ठ्याचं, खरं लोखंडी काही असेल तर गेटवरच काढून घेतात.

आत गेल्यावर

नवे लोक सरळ मोठ्या पाहुण्याच्या लाइनीकडं धावतात. मी उलटं सांगेन, आधी चित्रकारांच्या टेबलांकडं जा. कॉनमधे एक भाग असा असतो जिथं कॉमिक्सचे चित्रकार, लेखक, छोटे प्रकाशक स्वतः दिवसभर बसलेले असतात, तिथं टोकन नाही, भाव खाणं नाही. सकाळचा पहिला तास तिथं गर्दी कमी असते, माणसं ताजीतवानी असतात, आणि आपल्याशी खरोखर बोलतात. कुठलं पान काढायला किती दिवस लागले, रोबोटच्या हाताची रचना कशावरनं सुचली, शाई कागदावर करता की टॅबवर, असलं विचारलं की चेहरा खुलतो. एखादं कॉमिक, एखादा प्रिंट विकत घ्या, त्यावर सही मागा, बरेचजण आपणहून छोटं चित्रसुद्धा काढून देतात. वेगळं स्केच पाहिजे असेल तर दर विचारा, सकाळीच ऑर्डर द्या आणि दुपारनंतर न्यायला या. घासाघीस करू नका, ही कांदा मार्केट नाही.

मोठ्या पाहुण्यांचं गणित वेगळं. सहीची वेळ ठरलेली, टोकन असू शकतं, एका माणसाला एक किंवा दोनच वस्तू असा नियम असू शकतो, काही ठिकाणी सहीचे आणि फोटोचे वेगवेगळे पैसे असतात. बोर्डवर लिहिलेलं वाचा, नाहीतर व्हॉलंटिअरला विचारा. बेंगळूरला आपलं कन्नड कामाला येतं, मोडकंतोडकं असलं तरी. "ई लाइन यावुदक्क री?" एवढं विचारलं तरी समोरचा हसून नीट सांगतो आणि वर कुठनं आलात म्हणून चौकशी करतो. आपण सीमाभागातली माणसं, तीन-चार भाषा बोलतच वाढलो, तिथं त्याची लाज नाही तर अभिमान वाटू दे.

लाइनीत तुमच्या पुढं तीन-चार माणसं राहिली की पुस्तक उघडून, पान काढून, पेनचं टोपण काढून तयार राहा. दोस्त बाजूला फोटो काढायला उभा राहील, सही चालू असतानाचा फोटो, हात आणि पान दोन्ही दिसतील असा. सेल्फी नंतर आणि विचारून. सही करत असताना हात मिळवायला जाऊ नका, पेन घसरतो.

काय बोलायचं

तुम्हाला अर्धं-पाऊण मिनिट मिळणार. "मी तुमचा खूप मोठा फॅन" हे वाक्य त्या माणसानं सकाळपासून शेकडो वेळा ऐकलंय. त्यापेक्षा एक नेमकी गोष्ट सांगा, अमुक कथेतला यंत्रमानव शेवटी खोटं का बोलतो ते वाचून झोप लागली नाही, अमुक चित्रात ग्रहाची सावली उलट्या बाजूला का पडलीय. म्हणूनच वाचून जा म्हणतो.

जयंत नारळीकरांचं उदाहरण मला इथं फार जवळचं वाटतं. कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेला, जगात नाव झालेला हा शास्त्रज्ञ, १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी स्वतःचं नाव लपवून, नारायण विनायक जगताप या नावानं कथा पाठवली होती आणि ती पहिली आली. ज. वि. ना. ही आद्याक्षरं उलटी करून ना. वि. ज. असं घेतलेलं नाव, म्हणजे परीक्षकांनी कथा बघावी, माणूस नाही. हेच नारळीकर व्याख्यानानंतर मुलं वह्या घेऊन सहीला आली की सांगायचे, वहीवर सही देणार नाही, मला पोस्टकार्डावर एक प्रश्न विचारा, मी सहीनिशी उत्तर पाठवीन. आणि पाठवायचे. मे २०२५ मधे ते गेले, पण ज्यांच्या घरात ती पोस्टकार्डं आहेत त्यांच्याकडं सहीबरोबर उत्तरही आहे. कॉनच्या लाइनीत उभं राहताना एक प्रश्न तरी मनात तयार ठेवा.

काही गोष्टी टाळा. स्वतःची कथा वाचायला द्यायची ती जागा नाही, व्हिडिओ कॉलवर बहिणीशी बोला म्हणायचं नाही, आणि पाहुणा जेवताना, फोनवर बोलताना, बाथरूमच्या दारात दिसला तर जायचं नाही. एकदा एक चित्रकार कोपऱ्यात डबा उघडून बसले होते, मी पुस्तक काढायला लागलो तसा दोस्त म्हणाला, "थांब रे, जेवू दे की त्यांना, माणूस आहे तो." आम्ही लांब उभे राहिलो, त्यांनीच जेवण झाल्यावर हात करून बोलावलं आणि दोघांशीही निवांत बोलले. नाही म्हणाले तरी "बरं सर, थँक यू" म्हणून हसून मागं फिरायचं, त्यांचा तो हक्क आहे.

स्टॉलवर "साइन्ड" म्हणून विकायला ठेवलेली पोस्टरं दिसतील, घाई करू नका. पोस्टर उजेडात तिरकं धरा. हातानं केलेल्या सहीची शाई कागदाच्या चकाकीपेक्षा वेगळी दिसते, जिथं रेघ रेघेवरनं जाते तिथं जाड होते. छापलेली असेल तर सगळीकडं सारखी, आणि भिंगातनं छपाईचे बारीक ठिपके दिसतात. पाच पोस्टरांवर सही तंतोतंत एकसारखी असेल तर ती छपाईच.

घरी आल्यावर

त्याच रात्री, गाडीत बसल्या बसल्या, पुस्तकाच्या शेवटच्या पानावर पेन्सिलनं तारीख, गाव आणि काय बोलणं झालं ते दोन ओळीत लिहा, पेननं नको. फोटो दोघांनी एकमेकांना पाठवून ठेवा, एकाचा मोबाइल गेला तर दुसऱ्याकडं राहतो.

आता आपला पाऊस. जूनपासून बेळगाव-खानापूरकडं भिंती ओल्या होतात, बाहेरच्या भिंतीला लागून कपाट असेल तर पुस्तकांना बुरशी ठरलेली. सह्यांची पुस्तकं आतल्या भिंतीच्या कपाटात, उभी, फार घट्ट नाही अशी ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या बदलत राहा. पावसात पुस्तक महिनोन् महिने प्लास्टिकमधे बंद ठेवू नका, आत ओल धरली तर बाहेर निघत नाही, उघडीप मिळाली की काढून सावलीत वारा द्या. सुटे फोटो आणि प्रिंट ठेवायला पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं घ्या, साधं मऊ पीव्हीसी असतं ते शाईला चिकटतं. लॅमिनेशन कधीही नाही, कितीही कुणी सांगू दे, ते परत निघत नाही. फ्रेम करायची असेल तर ऊन येणार नाही अशा भिंतीवर, आणि काच सहीला टेकणार नाही असं मधे माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, घालून घ्या.

जायला जमलंच नाही तर पोस्टाचा मार्ग अजून आहे. पुस्तक पाठवू नका, वजन होतं आणि हरवायची भीती. जाड कागदाची छोटी चिठ्ठी कापा, पुस्तकाच्या आत मावेल एवढी, ती आणि स्वतःचा पत्ता लिहून तिकीट लावलेलं परतीचं पाकीट, बरोबर एक पानाचं पत्र, असं प्रकाशकाच्या पत्त्यावर लेखकाच्या नावानं पाठवा. लेखकाच्या घरचा पत्ता शोधत बसू नका. पत्रात तुमचा प्रश्न लिहा. सही होऊन चिठ्ठी आली की पुस्तकाच्या आतल्या पानावर थोड्या खळीनं चिकटवा, फेव्हिकॉल फासू नका. उत्तराला महिने लागू शकतात, आठवण करून देणारं पत्र सहा महिन्यांच्या आत पाठवू नये. परतीच्या पाकिटावर पिनकोड ठळक लिहा, टिळकवाडीला ५९०००६, आणि दोघांनी पाठवत असाल तर पाकिटं दोन वेगवेगळी करा, एकाच्या पाकिटात दुसऱ्याची चिठ्ठी कोंबू नका.